गाठीचा स्वभाव

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की अकोल्याच्या डॉक्टरीणबाई काचेवरच्या गाठीशी बोलायला लागत. "स्वभाव कसा हाय बापू तुहा?" असं खुशाल विचारत. मीही पॅथॉलॉजिस्टच, अमरावतीची. आम्ही दोघी एकाच वर्गात शिकलो. मी असं बोलले असते तर लोक हसले असते. त्या बोलल्या की लोकांना धीर यायचा. मला त्याचा भारी राग येई. अजूनही येतो.

"गाठ केवढी हाय ते फोटोत दिसते. कशी वागनार, ते पेशीले पुसा लागते," असं त्या सांगत. वाढीला लागलेल्या पेशी रंग दिल्यावर तपकिरी दिसतात. बाई त्या मोजत बसत, आणि मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. एवढी चिकाटी माझ्यातही आहे. माझं मात्र कधी कुणी नाव काढलं नाही.

मूर्तिजापूरच्या माझ्या दादाला मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांजवळ, पिट्युटरी ग्रंथीची गाठ निघाली. बाजूचं दिसेनासं झालं होतं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ आत राहिली. तपासणी माझ्याकडेच आली. तपकिरी पेशी नको तितक्या होत्या. कॅन्सर नाही, पण 'आक्रमक वर्तनाची चिन्हे' आहेत, असं मी लिहिलं. वहिनीनं ते वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. "आक्रमक? हे तं बैलावरही हात उचलत नाहीत. सख्ख्या भावाचं असं लेहता, ताई?"

मी परोपरीनं समजावलं. दादा हटून बसला, उरलेल्या गाठीवर सांगितलेली किरणं घेणार नाही म्हणाला. घेतली नसती तर उरलेली नजरही गेली असती. शेवटी नाक मुठीत धरून मी त्या काचा अकोल्याला पाठवल्या आणि दोघांना घेऊन गेले.

बाईंनी पाहिलं, मग वहिनीला जवळ बसवलं. "तुमचे मालक गरीब हायेत वो. गाठ वांड हाय. तिले आवरा लागन." वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि तीही त्यांच्यापाशी. दादा किरणांना तयार झाला. अहो, निदान माझंच होतं, तसूभरही वेगळं नव्हतं.

दादाची नजर वाचली. तेव्हापासून भाऊबीजेला तो आधी अकोल्याला जायचा, बाईंकडून ओवाळून घ्यायचा आणि संध्याकाळी त्यांचं कुंकू कपाळावर घेऊन माझ्याकडे यायचा. मी त्याच कुंकवावर माझं बोट टेकवायची, जरा दाबूनच.

गेल्या उन्हाळ्यात बाई अचानक गेल्या. भाऊबीजेला दादा सकाळीच दारात उभा, कपाळ कोरं. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. मी ताट घेऊन आले आणि म्हटलं, "आज बरा लवकर आलास."

पाटावर बसत तो म्हणाला, "आता अकोल्याले कोन हाय?"