डाळ मिलच्या पट्ट्याचं बुश

लातूरच्या रशीद मिस्त्रीनं मला फसवलं. आज नांदेडला माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार विकताना ते कळलं. "सगळं ओरिजनल आहे, माझा शब्द," असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. त्याच्या मेकॅनिकनं गिअरचा दांडा उपसला, जुन्या ग्रीसचा वास आला आणि खालून दांडा घट्ट धरणारं बुश निघालं, तेही डाळ मिलच्या रबरी पट्ट्यातून कापलेलं.

"काका, हे ओरिजनल हाय व्हय?" गिऱ्हाईक हसलं आणि निघून गेलं.

त्या वासानं मला पंधरा वर्षं मागे, रशीदभाईच्या गॅरेजात नेलं. तेव्हा दांडा इतका लुळा होता की तिसरा गिअर टाकताना पहिला पडायचा. "जुगाड केलास तर गॅरेज डोक्यावर घेईन," मी ओरडलो होतो.

दुरुस्तीनंतर त्यानं काळे हात पुसले. "ओरिजनलच टाकलंय शेठ. एका बोटानं गिअर टाकून बघा."

दांडा खट्कन बसला. मी खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही. तेव्हा वाटलं, दमला असेल. आज वाटतं, मला घाबरला होता.

पंधरा वर्षं दांडा ढिला पडला नाही, कबूल. भांडायची ताकदही आता उरली नाही. पण रशीदभाई, चार लोकांत माझा शब्द खोटा पडला. त्याचं उत्तर तुम्ही द्या.