कांताबाईंचं रक्त

घरी नाही, कॉलेजात नाही — ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही.

मी नगरकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे पेशंट भरपूर, संशोधन जवळपास नाहीच. बाहेरचे लोक यायचे, आमच्या पेशंटांची माहिती न्यायचे, शोधनिबंधात आमचं नाव आभारापुरतं. हे बदलायचं, असं मी ठरवलं होतं. विद्यापीठाने पहिल्यांदाच निधी दिला, प्रयोगशाळा उभी राहिली. विषय माझा — उन्हात ऊस तोडणाऱ्या बायांच्या किडनीवर काय परिणाम होतो? तोडीला जाण्याआधी रक्त घ्यायचं, परतल्यावर पुन्हा घ्यायचं, फरक पाहायचा.

पाथर्डीकडच्या एका गावात शिबिर लावलं. बाया सुईला बिचकत होत्या. कांताबाई पुढे आल्या, बाही वर केली आणि मागे वळून म्हणाल्या, "कोयत्याला भेत न्हाई, अन् ह्या टाचनीला भेता व्हय गं?" सगळ्या हसल्या. मग रांग लागली. तो अभ्यास त्यांच्यामुळे उभा राहिला — हे तरी मी कुठे कधी बोलले?

निघताना त्यांनी विचारलं, "म्याडम, काई वंगाळ निघालं तर सांगताल ना?"

सांगेन की, म्हटलं.

वंगाळ निघालं. त्यांच्या किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्या होत्या. तोडीला जाणारी टोळी अजून गावातच होती. नंबर माझ्याकडे होता. मी फोन हातात घेतला — आणि ठेवून दिला.

का? त्या थांबल्या असत्या म्हणून. त्यांचं ऐकून बाकीच्याही धास्तावल्या असत्या, आणि मग परतल्यावर रक्त द्यायला कोण आलं असतं? आमचा पहिलाच अभ्यास अर्ध्यात मोडला असता. आल्यावर सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. त्या उन्हात, त्या कष्टात किडनीचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं? तेच तर मी सिद्ध करायला निघाले होते.

हंगाम संपण्याआधीच त्यांना आमच्या वॉर्डात आणलं. तोंड सुजलेलं, श्वास पुरत नव्हता. डायलिसिस केलं, पण वेळ गेली होती. त्या गेल्यावर त्यांचे मालक, बबनराव, माझ्याजवळ आले.

"म्याडम, तुमी तिचं रगत नेलं व्हतं. तवा काई निघालं न्हवतं का?"

"रिपोर्ट यायला उशीर झाला," मी म्हणाले. "तोवर तुम्ही निघून गेला होतात."

"मंग तुमचा काय दोष त्याच्यात," म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. मी ते जोडू दिले.

बाकीच्या बायांनी परतल्यावर रक्त दिलं. निबंध छापून आला. त्याच्या जोरावर विद्यापीठात संशोधन केंद्र झालं. आता इथली मुलं इथल्याच माणसांच्या आजारांवर काम करतात — चांगलं काम करतात. त्यांना संशोधनातली नीती मी शिकवते. होय, मीच.

ती चूक नव्हती, विसरणं नव्हतं. मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. नंतर खोटं बोलले.

बबनराव आता सुनेला घेऊन तोडीला जातात. निघण्याआधी रक्त तपासायला तिला माझ्याकडेच आणतात. "ह्या म्याडमनी तुझ्या सासूसाठी लई केलं," असं तिला सांगतात. मी ऐकून घेते, आणि तिचा हात पुढे ओढते.