फुगलेली बॅटरी

यांच्या किडन्या गेल्यापासून सोलापूरच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागतं. आमची वस्ती उजनी धरणाच्या पाण्याकाठी. फाट्यापर्यंत गाडीवर जायचं, तिथून एसटी. पाय सुजल्यामुळे यांना चालवत नाही, म्हणून मोटारसायकल मी शिकले. गाडीला किक नाही, नुसतं बटण.

बाकीचे दिवस गाडी उभीच, म्हणून जुनी बॅटरी सारखी उतरायची. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला लिथियमची घ्या, उभ्या गाडीतही चार्ज टिकतो. हातात घेतली तर इतकी हलकी की हे म्हणाले, "बॅटरी हाय का साबणाची वडी?" मिस्त्री हसला नाही. म्हणाला, हिला हिचाच चार्जर लावायचा, पार उतरू द्यायची नाही, आणि फुगली तर परत जोडायची नाही, पेट घेते. घरापासून लांब वाळूत नेऊन ठेवायची. मी सगळं ध्यानात ठेवलं. पण घरात सांगितलं नाही. सासऱ्यांसमोर मी बोलत नाही.

त्या दिवशी सकाळी मी गाडी पुसायला गेले तर सीट काढलेली. बॅटरी ओट्यावर, फवारणी पंपाच्या चार्जरला लावलेली. आमच्याकडे काहीही त्याच चार्जरला लावतात. काल गाडी जरा दमानं चालू झाली, ते सासऱ्यांनी ऐकलं होतं. लेकाची मशीनवरची पाळी चुकू नये म्हणून त्यांनी ती रात्रीच लावून ठेवली होती.

बॅटरीच्या दोन्ही बाजू पुरीसारख्या फुगल्या होत्या. गोडसर, उग्र वास येत होता. मी बटण बंद करून वायर ओढली.

सासरे पाना घेऊन आले. "झाली फुल्ल. बसवतो."

"नका बसवू."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "लई कळायला लागलं की तुला बॅटरीतलं!"

"पेटंल, मामा. हे बसायचेत तिच्यावर. मिस्त्रीनं लांब वाळूत ठिवायला सांगितलंय."

हे दारात बसून धापा टाकत होते. म्हणाले, "मग मी कसा जाऊ? तुज्या पाठीवर?"

शेजारची माणसं ऊसतोडीला गेली होती. मिस्त्रीला फोन लावला तो लागेना. मग यांना तसंच गाडीवर बसवलं. सासऱ्यांनी हँडल धरलं आणि मी मागून ढकलायला लागले. उसाच्या पाटाजवळ चाक चिखलात रुतलं. हे माझ्या खांद्यावर रेलले. त्यांच्या छातीतली घरघर मला माझ्या अंगात ऐकू येत होती. सासरे नुसते "हां, हां" करत ओढत होते, बैलाला म्हणतात तसं.

फाटा दिसला आणि एसटी निघाली. मी ओरडले. आयुष्यात कधी रस्त्यावर ओरडले नव्हते. कंडक्टरने बघितलं नसावं.

पुढच्या एसटीने आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो तेव्हा मशीन दुसऱ्याला लावलं होतं. नर्स म्हणाली, "ताई, पाळी गेली. उद्या सकाळी या."

"उद्यापर्यंत हे ऱ्हातील का?"

ती वहीतली पुढची नावं बघायला लागली. मी दारातच खाली बसले. "मी हितनं उठणार न्हाय," म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. यांनी डोळे मिटले होते, ओठ काळे पडले होते. मी सारखी त्यांच्या छातीकडे बघत होते, हलते का. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही.

डॉक्टर आले, यांना बघून नर्सवर चिडले. एक मशीन मोकळं होताच यांना लावलं, पण पुरतं नाही, वेळ कमी होता. नळीतून रक्त फिरायला लागलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसले.

सासऱ्यांचा फोन आला. "लावलं का?"

"व्हय. पण पुरतं न्हाय, परवा परत बोलवलंय."

"बॅटरी धरणाकडंच्या वाळूत नेऊन ठिवली. गाडी फाट्यावरच हाय." मग म्हणाले, "पोरी, परवा परत न्यायचंय की. कसं करायचं?"

मी म्हणाले, "मामा, चार घास खाऊन घ्या," आणि फोन ठेवला.