विकणे आहे: कॅरव्हॅनच्या जागेसह

आमचं ब्रिस्टलचं घर विकायला काढलं तेव्हा इस्टेट एजंट घर बघायला आला. पुढची खोली, स्वयंपाकघर, वरच्या तीन खोल्या, सगळीकडे टेप लावून त्याने वहीत आकडे लिहिले. मग तो घराच्या बाजूला, गाडी उभी करायच्या ड्राइव्हवर आला आणि वही मिटून नुसताच उभा राहिला.

"हे सगळं काय आहे?" त्याने विचारलं.

यांना तेवढंच हवं होतं. हे बरीच वर्षं विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. दहा फुटी दुहेरी गेट, खाली लोखंडी जाळी घालून ओतलेलं काँक्रीट, भिंतीवर विजेचं निळं सॉकेट, नळ, सांडपाण्यासाठी जाळीचं गटार आणि वर पन्हळी पत्र्यांचं उंच छत, असं एकेक दाखवत यांनी एजंटला ड्राइव्हच्या टोकापर्यंत नेलं. मध्ये आमची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभी होती, मळकट पांढरी, कमरेला तपकिरी पट्टा. तिला वळसा घालून दोघं परत आले.

एजंट म्हणाला, "काढून टाकता येईल का? गेट साधं करा, छत उतरवा, थोडी हिरवळ लावा. गिऱ्हाइकाला बाग हवी असते."

"यातलं काहीही निघणार नाही," हे म्हणाले.

मला एजंटचं म्हणणं पटलं होतं. पण परक्या माणसासमोर मी गप्प बसले.

कॅरव्हॅन घेतली होती सासूबाईंसाठी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्या पुण्याहून सहा महिने राहायला आल्या. मुलाने त्यांना वेल्स, कॉर्नवॉल, तळ्यांचा प्रदेश सगळं दाखवायचं ठरवलं होतं. पहिल्याच सहलीत आम्ही एका बेड अँड ब्रेकफास्टमध्ये उतरलो. सकाळी खाली बेकन तळायला लागलं तशा सासूबाई जिन्यावरूनच मागे फिरल्या. त्या दिवशी त्यांनी बिस्किटं आणि केळी यांच्यावर दिवस काढला. तक्रार केली नाही, पण दुसऱ्या सहलीचं नाव काढलं की म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

महिनाभराने हे एक जुनी कॅरव्हॅन ओढत घेऊन आले. चार जणांना झोपायला जागा, दोन शेगड्या, छोटं सिंक. सासूबाईंनी आत शिरून आधी शेगडी पेटवून पाहिली, कपाटं उघडली, आणि म्हणाल्या, "माझा तवा मावेल इथे." त्या उन्हाळ्यात आम्ही सहा ठिकाणी गेलो. समुद्रकाठच्या गवतात सगळे सॉसेज भाजत असायचे आणि आमच्या खिडकीतून थालीपिठाचा वास यायचा. पुढे त्या आणखी दोनदा आल्या, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. माझ्यापुरतं म्हणाल तर घरचाच स्वयंपाक वाकून आणि अर्ध्या जागेत करायचा, इतकाच फरक होता. पण त्या खूश होत्या आणि हेही.

गाडी आल्यावर तिला जागा हवी. आमचं घर सेमी-डिटॅच्ड. एका बाजूला भिंतीला भिंत लागून घर, दुसऱ्या बाजूला ड्राइव्ह, आणि ड्राइव्हच्या पलीकडे लगेच शेजारच्यांची भिंत. यांनी दोन वर्षं शनिवार-रविवार तिथेच घालवले. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला अर्ज करून, चाकं सहज चढावीत म्हणून फुटपाथची कड खाली करून घेतली. मागचं मोडकं गॅरेज पाडून काँक्रीट थेट बागेपर्यंत नेलं. मागच्या भागाला मात्र थोडा चढ होता. कॅरव्हॅन गेटमधून आत हाताने ढकलत न्यावी लागायची. चढ लागला की ती थांबायची. त्यामुळे ती कायम ड्राइव्हच्या मध्यावर राहिली, बरोबर शेजारच्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

त्या घरात एक म्हातारं जोडपं होतं. छत उभं राहिलं त्या वर्षी आजोबांनी कौन्सिलला तक्रारीचं पत्र लिहिलं. एक माणूस येऊन मोजमाप करून गेला आणि सगळं नियमात आहे असं कळवून मोकळा झाला. आम्ही जिंकलो, असं आम्हाला वाटलं. त्यानंतर आजोबा दिसले की आम्ही मान हलवायचो, तेही हलवायचे. पुढे त्यांच्या पत्नी वारल्या. आम्ही सांत्वनाचं कार्ड टाकलं. एवढाच संबंध.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यातली माणसं कमी व्हायला लागली. यांचा नंबर दुसऱ्या फेरीत लागला. पाच महिन्यांनी नॉटिंगहॅमला नोकरी मिळाली. तिथे एका मराठी डॉक्टरांच्या घरी वरची खोली घेऊन हे सोमवार ते शुक्रवार राहायचे. मी आणि आमची चौदा वर्षांची लेक ब्रिस्टलला. घर विकल्याशिवाय आम्हाला हलता येत नव्हतं, आणि त्या काळात घरं विकलीच जात नव्हती. आमच्या रस्त्यावर चार घरांसमोर विक्रीच्या पाट्या उभ्या होत्या.

"माझा शाळा इथे आहे," लेक म्हणायची. "माझा सगळा फ्रेंड्स इथे आहेत. डॅडला सांग, त्यानेच वीकएंडला येत जावं." तिच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी असायचं, पण मुद्दा बरोबर होता.

घर बघायला लोक यायचे ते आठवड्यात, म्हणजे दाखवायचं काम माझ्याकडे. स्वयंपाकघर आवडायचं. वरच्या खोल्या आवडायच्या. मग बाजूचं दार उघडलं की चेहरे बदलायचे. एका तरुण जोडप्याला सॉकेटची भीती वाटली. एक बाई बराच वेळ कॅरव्हॅनकडे बघत राहिल्या आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही किती जण राहता इथे?" मी म्हटलं, "तीन. आणि आठवड्यात दोनच." त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

असे चार महिने गेले. एका शनिवारी मी यांना म्हटलं, "अहो, काढून टाका ना ते छत आणि गेट. एजंट पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"ज्याला हवं असेल तो शोधत येईल."

"कधी? मुलीच्या परीक्षा संपल्यावर? मी एकटी इथे लोकांना गटार दाखवत बसते, तुम्हाला काय कळणार?"

हे उठून बाहेर गेले. तासाभराने आत आले ते एक कागद घेऊन. कॅरव्हॅनवाल्यांच्या एका मासिकात द्यायची जाहिरात लिहिली होती. गेटची रुंदी, काँक्रीटची जाडी, छताची उंची, सगळं इंचापर्यंत. मी वाचून विचारलं, "आणि घर कुठे आहे यात?" तेव्हा शेवटी 'तीन बेडरूम' हे शब्द आले. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, हे मी घालायला लावलं.

तीन आठवड्यांनी स्लाऊहून एक जोडपं आलं. ते गोदामातून नुकते निवृत्त झालेले, त्या शाळेत मुलांना जेवण वाढायच्या. मुलगी ब्रिस्टलला असते म्हणून इकडे यायचं होतं. त्यांच्याकडे कॅरव्हॅन नव्हती, मोटरहोम होतं, म्हणजे इंजिनासकट चालणारं घरच. ते त्यांनी रस्त्यावर लावलं आणि दारावर टकटक करायच्या आधी गृहस्थांनी खिशातला टेप काढून गेट मोजलं. मी खिडकीतून बघत होते. शनिवार असल्यामुळे हे घरी होते. दोघं पुरुष अर्धा तास बाहेरच होते. बाई माझ्याबरोबर वर-खाली फिरल्या आणि म्हणाल्या, "घर छान आहे. पण निर्णय बाहेर होतोय."

निर्णय झाला. एकच अडचण होती. मोटरहोम आमच्या छतापेक्षा चार इंच उंच होतं. छताचं नंतर बघू, असं पुरुषांचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात वकिलाकडून प्रश्नांचा फॉर्म आला. घर विकणाऱ्याने भरून द्यायचा असतो. त्यात एक प्रश्न होता: शेजाऱ्यांशी कधी वाद झाला आहे का, त्यांनी कधी तक्रार केली आहे का? मी तिथेच अडकले. 'हो' लिहिलं तर स्लाऊची माणसं बिचकणार, कारण तक्रार त्याच जागेबद्दल होती ज्यासाठी ते घर घेत होते. 'नाही' लिहिलं तर ते खोटं. यांना फोन केला. हे म्हणाले, "खरं ते लिही." नॉटिंगहॅमला बसून तसं म्हणणं सोपं होतं. मी दोन दिवस फॉर्म फ्रिजवर ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन शेजारच्या आजोबांचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि किटली ठेवली. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावून प्रश्न वाचला.

"मी पत्र लिहिलं होतं, हे खरं आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच विचारायला आले. अजून तुमची हरकत आहे का?"

ते चहा ओतायला लागले. मी समोर पाहिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या खिडकीसमोर बसले आहे. काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर आमची कॅरव्हॅन होती. तो तपकिरी पट्टा खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. वर आमचं छत, त्यावर साचलेली पानं आणि शेवाळ. दुपारचे दोन वाजले होते आणि आजोबांनी दिवा लावला होता.

"माझी बायको त्या वर्षी आजारी होती," ते म्हणाले. "वर जिना चढवायचा नाही. दिवसभर इथेच बसायची, तुम्ही बसलात त्या खुर्चीत. पूर्वी तुमच्या गॅरेजवर पक्षी येऊन बसायचे, ते बघायची. मग गॅरेज गेलं आणि हे आलं. ती काही म्हणाली नाही हं. पत्र मीच लिहिलं."

"आम्हाला सांगितलं असतंत तर..." मी म्हटलं.

"कौन्सिलला लिहिणं सोपं वाटलं," ते म्हणाले. मग कप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खरं लिहा. मी काही आता भांडायला येणार नाही."

घरी येऊन मी फॉर्मवर 'हो' लिहिलं, खाली सगळा तपशील लिहिला आणि पोस्टात टाकला. शुक्रवारी हे आले तेव्हा त्यांना आजोबांनी सांगितलेलं सांगितलं. हे जेवत होते. जेवण अर्धं ठेवून हात धुतले आणि बराच वेळ बाजूच्या दारात उभे राहिले. "मी सगळं मोजलं होतं," एवढंच म्हणाले. "त्यांची खिडकी सोडून."

शनिवारी सकाळी खडखडाट ऐकून मी बाहेर आले, तर हे शिडीवर होते आणि छताचे नट सोडत होते. एकेक पत्रा खाली येत होता. काही वेळाने आजोबा बाहेर आले आणि त्यांनी पत्र्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळं उतरवलं. खांबही काढले. मी दोघांना बाहेरच चहा दिला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी ऐकलं तेवढं नट आणि गंज यांच्याबद्दलच होतं.

स्लाऊच्या बाईंचा फोन अपेक्षेप्रमाणे आला. "ही तक्रार काय आहे?" मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्हीच येऊन त्यांना भेटा. त्या नवऱ्यासकट आल्या, थेट आजोबांकडे गेल्या. मी घरात उगाचच ओटा पुसत राहिले. पाऊण तासाने बाहेर आवाज आला. गृहस्थ मोटरहोम आत घेत होते. आमची कॅरव्हॅन यांनी आदल्या दिवशीच रस्त्यावर काढली होती. मोटरहोम मध्यावर आलं, थांबलं, मग इंजिनचा आवाज वाढला आणि चढ चढून पार बागेजवळ जाऊन उभं राहिलं. आजोबा त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून काचेतून हाताने खुणा करत होते: अजून मागे, अजून मागे, बस.

घर विकलं गेलं. एजंटने सांगितलेल्या किमतीपेक्षा थोडं कमी आलं, पण विकलं गेलं. आमच्यानंतरही त्या रस्त्यावरच्या तीन पाट्या बराच काळ तशाच होत्या, असं त्या बाईंनी नंतर पत्रात लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पुढे गेला. नॉटिंगहॅमच्या घराची किल्ली काही कागद अडकल्यामुळे दोन दिवसांनी मिळणार होती, म्हणून कॅरव्हॅन गाडीला जोडली. आजोबा गेटपर्यंत आले. यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "नवीन ठिकाणी गेट लावणार का?" हे म्हणाले, "जागाच नाही तिथे." आजोबा हसले. लेकीला त्यांनी चॉकलेटचा डबा दिला. ती सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती. त्यांना मात्र थँक यू म्हणाली.

नॉटिंगहॅमच्या बाहेर एका शेतातल्या साइटवर आम्ही दोन रात्री काढल्या. पाऊस होता. मी वाकून खिचडी केली. तिघं एकाच बाकावर दाटीवाटीने बसून जेवलो. लेकीने नवीन शाळेचं पत्रक पहिल्यांदा उघडून वाचलं आणि विचारलं, "इथे नेटबॉल आहे का?" तिच्या डॅडने पत्रक उलटसुलट करून शोधलं. होता.

पुढच्या वसंतात कॅरव्हॅन विकली. घ्यायला आलेल्या माणसाने विचारलं, "कुठे उभी करायचात?" यांनी त्याला त्याच्याच घराबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. ड्राइव्ह किती रुंद आहे, चढ आहे का, आणि पलीकडे कोण राहतं.