पुठ्ठ्याची घडी

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहगावहून सौंसरला परत येत होते, आणि माझ्या मागे पिकअपच्या हौद्यात सुतळीनं बांधलेली ती खुर्ची होती. खुर्ची मिळाली हे सांगायला मी निघताना कुंदाला फोन लावला होता. तिनं उचलला नाही. रिहर्सल चालू असली की ती फोन पर्समध्ये टाकून द्यायची, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. खुर्ची थेट तिच्यासमोर नेऊन ठेवीन आणि तिचं तोंड बघीन, असं मनाशी ठरवून मी ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसले होते. तेवढ्यात आमच्या नाटक मंडळीतल्या दिनेशचा फोन आला. "मंदाताई, कुंदाताई उठून नाई राहिल्या," तो म्हणाला. मी चिडलेच. म्हटलं, "अरे मग उठव ना! मले काहून सांगून राहिला?" पलीकडून नुसता श्वास ऐकू आला... मग कोणीतरी रडलं. तरीही मला कळलं नाही. मी ड्रायव्हरला म्हणाले, "हळू चालवा, मागं खुर्ची आहे." हे वाक्य मी का बोलले, हे मला आजही सांगता येत नाही.

झालं ते असं. सौंसरच्या समाजभवनात तालीम चालली होती. राणीचं काम शिकणाऱ्या नव्या मुलीला कुंदा चालून दाखवत होती, राणी सिंहासनाकडे कशी येते ते. मग म्हणाली, "थांबा जरा," आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर, मान किंचित कलती. सगळ्यांना वाटलं, बाई बसून दाखवतेय. कुंदाची दाखवण्याची पद्धतच तशी होती. बसली की बसली, हूं नाही की चूं नाही, आणि मध्ये कोणी बोललं तर डोळे वटारायची. म्हणून कोणी बोललं नाही. सगळे शहाण्या पोरांसारखे गप्प उभे राहून बघत राहिले. नवी मुलगी तर तिची मान किती कलली आहे ते बघून आपली मान तशी करून पाहत होती. हृदय बंद पडलं होतं म्हणे... बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब उचललं असतं तरी काही झालं नसतं. खरंच असेल. पण त्या नव्या मुलीची मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता इतके आठवडे झाले, तरी सकाळी माझ्या शिवणाच्या दुकानाचं शटर वर करताना मी रस्त्याकडे बघते. नगरपालिकेत कामावर जाताना कुंदा दुकानावरून जायची आणि न थांबता ओरडायची, "मंदे, ब्लाउज राहू दे, पडदा शिव!" आमची मंडळी म्हणजे काही मोठी नाटक कंपनी नव्हे. दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, पांढुर्णा आणि वाटेतली बोलावतील ती गावं, एवढाच आमचा फिरता संसार. पण दरसाल कुंदाचा कार्यक्रम ठरलेला. काही नवी नाटकं, काही जुनी नव्यानं केलेली. यंदा संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बायांवर एक नवं होतं, पांढुर्ण्यातल्या लग्न जुळवणाऱ्या बाईवर दुसरं. एका जुन्या फार्समधल्या बहिऱ्या सासऱ्याच्या कानात तिनं मोबाईलचे इयरफोन घातले होते, लोक पोट धरून हसायचे. आणि शिवाय ते राणीचं, आमचं लाडकं. त्या जुन्या संगीत नाटकात राणी शेवटी राजाच्या पायांवर डोकं ठेवते आणि पडदा पडतो. कुंदानं पदं ठेवली, प्रसंग ठेवले, पायांवर डोकंही ठेवलं. फक्त पडदा पाडला नाही. राणी उठते, रिकाम्या सिंहासनाकडे चालत जाते, त्याच्याकडे बघते आणि बसते. बस्स. "एवढंच?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. "एवढं करायले शंभर वर्षं लागले बाई," ती म्हणाली.

कुंदाचा एक नियम होता. मंचावरचं सामान आम्ही गावोगाव वाहून नेत नसू. ज्या गावात प्रयोग, त्या गावातूनच ते मागायचं. दुपारी कुंदा पदर खोचून घरोघर जायची आणि खाट, कंदील, घडवंची, आरसा असं काही ना काही घेऊन यायची. संध्याकाळी पडदा उघडला की पहिली पाच मिनिटं कोणी नाटक बघतच नसे. "अवं ते पाह्य, आपली खाट!" हेच चालायचं. मी वैतागायचे. कुंदा म्हणायची, "ज्याच्या घरची खाट, त्याचं घर नाटकात आलं. आता तो उठून जाईन काय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक वस्तू तिनं स्वतः, पुसून, परत न्यायची. मालकाला म्हणायची, "बसून पाहा जी. हलून नाई राहिली ना?" तो बसून दाखवायचा, चहा व्हायचा, आणि मग पुढच्या गावाची वाट. सिंहासनाचं म्हणाल तर ते लोधीखेड्याला न्हाव्याच्या दुकानातलं होतं, पांढुर्ण्यात हेडमास्तरांचं, एका ठिकाणी लग्नघरातला लाल सोफा. न्हाव्याच्या खुर्चीवर राणी बसली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "दाढी की कटिंग?" आणि सगळं मैदान खदखदून हसलं. कुंदाला हसू आवडायचं. पण त्या शेवटच्या प्रसंगाला तिला एकदा तरी शांतता हवी होती.

आणखी एक सवय. गावातली जमीन कुठं सपाट असते? मंचाच्या फळ्याही खालीवर. मग खुर्ची डगमगायची. कुंदा संत्र्याच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याच्या घड्या करून पर्समध्ये ठेवायची. कोणतीही खुर्ची दिसली की आधी हातानं हलवून बघायची आणि योग्य जाडीची घडी पायाखाली सरकवायची. लोकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, हिच्या पर्समध्ये पुठ्ठे.

मोहगावची ती खुर्ची जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, घरची. सागाची, उंच पाठीची, हातांवर कोरीव पानं. मालगुजारी कधीच गेली, खुर्ची राहिली. कुंदा मूळची मोहगावची, बौद्ध, आणि तिचे वडील त्याच घरच्या बागेत संत्री तोडायला असायचे. लहानपणी तिनं ती खुर्ची अंगणातून बघितली होती, उघड्या दारातून. अंगणाच्या पुढे जायचा प्रश्नच नव्हता. मंडळी सुरू झाल्यापासून दरसाल ती त्या घरी जायची, घरमालक तात्याजींना नमस्कार करायची आणि खुर्ची मागायची. तात्याजी वाईट बोलायचे नाहीत. ओसरीवरूनच म्हणायचे, "ते खुर्ची बाहेर नाई जात, बाई." ही म्हणायची, "बरं जी, पुढच्या साली येतो." मी शेतकऱ्याघरची, तात्याजींच्या नात्यागोत्यातली. एकदा म्हटलं, मी मागते, मला नाही म्हणणार नाहीत. कुंदानं असं काही बघितलं माझ्याकडे! "तुले देतीन, माहीत आहे मले. म्हणूनच तू नाई मागायची."

त्या दिवशी मी मोहगावला गेले होते ती मैदानाची परवानगी घ्यायला. हंगामाचा पहिला प्रयोग तिथंच होता आणि राणीचंच नाटक होतं. परतताना तात्याजींनी ओसरीवरून हाक मारली. म्हातारा वाळून काटकी झालेला. म्हणाले, "ते तुमची बाई यंदा नाई आली?" म्हटलं, "येईन जी, प्रयोगाच्या दिवशी. आता तालीम चालू आहे." मग म्हणाले, "गेल्या साली लोधीखेड्याले मी मागं उभा राहून पाह्यलं तिचं नाटक. राणी बसते शेवटी. लोक हासले." मी म्हटलं, "खुर्ची न्हाव्याची होती जी." तर ते आतल्या दाराकडे बघत बोलले, "माही बायको या घरात म्हातारी होऊन गेली. त्या खुर्चीवर एक दिवस नाई बसली. मी बस म्हटलंही नाई." आणि मग, "घेऊन जा. पण त्या बाईले सांगजा, मी तिलेच दिली म्हणून. तुमाले नाई." मला इतका आनंद झाला की तिथंच नाचायचं तेवढं बाकी राहिलं. प्रयोग मोहगावलाच होता, पण तिला आजच दाखवायची म्हणून समोरून जाणारा पिकअप अडवला, खुर्ची बांधली. तात्याजींचा निरोप तोंडात घोळवत मी निघाले... आणि तो निरोप मी कुणालाच देऊ शकले नाही. त्याच वेळी, बहुधा त्याच वेळी, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मला या गोष्टीचा राग येतो. कुणावर, ते विचारू नका. कुंदावरही येतो. अगं, थोडी थांबली असतीस!

दिवस वगैरे झाल्यावर मंडळी जमली. प्रयोग रद्द करावा, असं मीच म्हणाले. दिनेश खाली मान घालून म्हणाला, "मग खुर्चीचं काय सांगायचं तात्याजीले?" खरंच, काय सांगणार होतो? की ज्या बाईला दिली तिनं वापरली नाही, घ्या परत? नाटक करायचं ठरलं. नव्या मुलीला अजून पदं येत नव्हती. मला सगळी पाठ होती, दासीचं काम करत करत राणी झालेल्या कुंदाच्या मागे उभी राहून पाठ झालेली. राणीचा शालूवरचा ब्लाउज मीच कुंदाच्या मापानं शिवला होता. तो माझ्या अंगाला होईना. दुकानात बसून मी त्याच्या शिवणी उसवल्या. इतकी वर्षं लोकांचे कपडे उसवले, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी उसवता उसवता हमसून रडले, आणि गिऱ्हाईक आलं तर म्हटलं, आज बंद आहे.

मोहगावच्या मैदानात गर्दी जमली. ओळखीच्या वस्तू दिसल्या तरी त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. मी मंचावर खुर्ची ठेवली, हातानं हलवून बघितली. डगमगली. कुंदाची पर्स तिच्या बहिणीनं मंडळीकडेच राहू दिली होती. मी ती उघडली. फोन, चष्मा, आणि तळाशी पुठ्ठ्याच्या घड्या, तिच्या हातच्या, कडा नखानं दाबून बसवलेल्या. एकच घडी त्या पायाखाली बरोबर बसली. शेवटच्या प्रसंगाला मी चालत गेले. खुर्चीकडे बघितलं. बसायचं होतं आणि पाय दुमडेनात... कुंदा कशी बसली असेल तेच डोळ्यांपुढे येत होतं. मग मी बसले. खुर्ची हलली नाही. मैदानात कोणी हसलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. तिला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ऐकायला ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची पुसून मी आणि दिनेश तात्याजींकडे गेलो. घडी मी पर्समध्ये परत ठेवली होती. ती मला हवी होती, माझ्याजवळ ठेवायला. खुर्ची आतल्या खोलीत तिच्या जागी ठेवली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बसून पाहा जी. हलून नाई राहिली ना?" तात्याजी बसले. खुर्ची डगमगली. ते म्हणाले, "हलतेच ते. माह्या बापाच्या टायमापासून हलते. फरशीच तशी आहे." इतकी वर्षं सगळे हलत बसले होते, आणि कोणाला काही करावंसं वाटलं नव्हतं! मी थोडा वेळ पर्स धरून उभी राहिले. मग घडी काढली, खाली बसले आणि पायाखाली सरकवली. तात्याजींनी पुन्हा टेकून बघितलं, उजवीकडे झुकले, डावीकडे झुकले. म्हणाले, "कोणाचा आहे हा पुठ्ठा?" मी म्हटलं, "कुंदाचा." त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "राहू द्या तिथंच."

मी राहू दिला. आता मोहगावला गेले की तात्याजी मला आत बोलावतात, चहा देतात. मी चहा पिता पिता खाली बघते. ज्या खोलीचं दार कुंदानं अंगणातून बघितलं, त्या खोलीत खुर्चीच्या मागच्या पायाखाली तिची घडी आहे.