सुजलेल्या दाढेची कृपा

महादेवावर माझा विश्वास पहिल्यापासून आहे. त्याच्या कामाच्या पद्धतीवर मात्र कधीच नव्हता. गिऱ्हाइकानं दोर मागितला तर मी दोर देतो, ताडपत्री मागितली तर ताडपत्री. देवाकडं काही मागायला जावं तर तो भलतंच काढून समोर ठेवतो आणि वर गप्प बसतो. लोकांचे अनुभव मी वाचतो. कुणाला समईची ज्योत मोठी झालेली दिसते, कुणाच्या डोक्यावर पिंडीवरचं फूल पडतं. माझ्या वाट्याला एका आठवीतल्या मुलीची सुजलेली दाढ आली. तीच हकिकत सांगतो.

उमरग्याला हायवेवर माझं दुकान आहे. दिवसभर ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचं, त्यामुळं घरी आल्यावरही माझा आवाज खाली येत नाही. साधं पाणी मागितलं तरी शेजारची माणसं भांडण लागलं म्हणून डोकावतात. अशा माणसाच्या पोटी देवानं गिरिजा घातली. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला, आणि त्याचा फटका हाताला आणि जिभेला बसला. पेन धरलं की बोटं थरथरतात. एक वाक्य बोलायचं तर आधी शब्द आतून वर येतो, ओठाशी थांबतो, मग बाहेर पडतो. समज मात्र लख्ख. दुकानात कुणाला किती वार ताडपत्री दिली ते मला आठवत नाही, तिला आठवतं. फक्त ती सांगेपर्यंत गिऱ्हाईक सोलापूरला पोचलेलं असतं.

ही मुलगी दहावीला आली आणि मला अभ्यास घ्यायची हौस आली. आमचं घर लिंगायताचं, बायको पलीकडच्या कर्नाटकातली, त्यामुळं घरात बोलणं कन्नड. दुकानात मराठी, चुलीपाशी कन्नड, हे आमच्याकडं सगळ्यांचंच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण माझ्या सुपीक डोक्यात आलं की पोरगी मराठी शाळेत, पेपर मराठीत, आणि घरी आईशी बोलणार कन्नड. आधीच जीभ जड, त्यात दोन भाषांचं ओझं कशाला? दिवाळी झाली आणि मी फर्मान काढलं. दुकानात ‘उधार बंद’ची पाटी लावतात तशी स्वैपाकघराच्या दारावर पाटी लावली, ‘घरात फक्त मराठी’. पाटी रंगवून घेतली होती. कोपऱ्यात फूलसुद्धा काढलं होतं.

बायकोनं पाटी वाचली. तिचं मराठी बाजारापुरतं. ती म्हणाली, “मंग मी काय बोलू पोरीसंगं? भाजी केवढ्याला, एवढंच?”

“परीक्षेपुरतं गं,” मी म्हणालो.

“झाडासंगं बोललं तर चालतंय का?” असं विचारून ती अंगणात गेली आणि कढीपत्त्याच्या झाडाला कन्नडमधून माझ्याबद्दल बरंच काही सांगितलं. ते चार महिने तिनं त्या झाडाशी संसार केला. झाडाला पालवीही चांगली फुटली. गिरिजा मात्र हळूहळू गप्प होत गेली. आधी ती सावकाश बोलायची, आता सावकाशही बोलेना. धडा विचारला की माझ्याकडं बघायची, मग पाटीकडं, मग खाली. मी ओरडायचो. ओरडून झालं की देव्हाऱ्यापुढं बसून देवाला विचारायचो की बाबा, अजून किती परीक्षा बघणार आहेस? परीक्षा मीच घेत होतो, हे देवानं ऐकून घेतलं असेल. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

हात चालत नाही अशा मुलांना पेपर लिहायला लेखनिक मिळतो आणि वेळही जास्त मिळतो. लेखनिक दहावीच्या खालच्या वर्गातला लागतो. मुलानं सांगायचं, त्यानं लिहायचं. मी काय केलं? नववीत पहिली येणारी मुलगी गाठली. तिचे वडील माझ्या ओळखीचे. म्हटलं, हुशार पोरगी बसली की गिरिजाला फार बोलायचं कामच पडणार नाही. सरावासाठी ती घरी यायची. मी प्रश्न वाचला की गिरिजाचे ओठ हलायच्या आत हिचं उत्तर लिहून तयार. अक्षर मोत्यासारखं. मी खूश.

एकदा ती गेल्यावर गिरिजा बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. “अप्पा... ती माझं... ऐकतच नाही.”

“ऐकून काय करायचंय?” मी म्हणालो. “लिहितीय ना!”

गिरिजानं पुस्तक मिटलं.

पहिला पेपर मराठीचा. सकाळी अंघोळ, लिंगपूजा झाली, गिरिजाच्या कपाळाला भस्म लावलं आणि केंद्रावर जायच्या आधी तिला महादेवाच्या देवळात नेलं. मी हात जोडून डोळे मिटले आणि देवाशी सौदा मांडला. पोरगी पहिल्या वर्गात येऊ दे, श्रावणात अभिषेक घालतो, ताडपत्रीचा मांडव फुकट देतो, वगैरे. भावनेच्या भरात आवाज चढला असावा, कारण पुजाऱ्यानं वळून बघितलं. डोळे उघडले तर गिरिजा माझ्याकडं टक लावून बघत होती.

“अप्पा... तुम्ही कन्नडमध्ये... बोललात.”

“देवाला चालतं,” मी म्हणालो.

तिनं विचार केला. “मग... मला?”

“देवाला पेपर नाही लिहायचा,” मी म्हणालो आणि तिचा हात धरून ओढतच बाहेर काढली. आता लिहितानाही कान गरम होतात.

केंद्राच्या दारात पाय ठेवतोय तोच फोन वाजला. नववीतल्या मुलीचे वडील. “पोरीला रात्रीपासून ताप, सकाळी बघतो तर अंगभर कांजिण्या. माफ करा.” मी तिथल्या पायरीवर बसलो. मग उठून केंद्रावरच्या मॅडमकडं धावलो. त्या शांत बाई होत्या. म्हणाल्या, “आधी आवाज खाली घ्या. दुसरी मुलगी आणा. आठवी-नववीतली, शाळेचं ओळखपत्र असलेली. वरची परवानगी मी फोनवर घेते. आणि हे बघा, लेखनिकानं मुलीनं सांगितलेलंच लिहायचं. पदरचा एक शब्द घातला तरी पेपर रद्द होईल. पर्यवेक्षक शेजारी बसलेले असतात.”

म्हणजे मोत्यासारखं अक्षर आलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला आमचा निकाल लागला असता! पण तेव्हा महादेवाचे आभार मानायला सवड कुणाला होती? मी फाटकाबाहेर पळालो आणि दुकानातल्या आवाजात ओरडलो, “ए, आठवीची कुणी हाय का? नववीची चालंल! पेपर लिहायचाय!”

कॉपीवाल्यांवर नजर ठेवायला उभ्या असलेल्या हवालदारानं माझं मनगट धरलं. “काय चाललंय काका? भरदिवसा पोरं गोळा करताय पेपर लिहायला?”

“अहो, माझ्या पोरीचा लेखनिक आजारी पडलाय!”

“समदे असंच म्हणतेत.”

आजूबाजूचे पालक माझ्यापासून लांब सरकले. एका बाईनं आपल्या मुलाला पदराआड घेतलं. मॅडमनी शिपाई पाठवून खुलासा केला तेव्हा कुठं मनगट सुटलं. मी तिथंच फाटकाला धरून, हवालदार, पालक, कुणाचीही लाज न बाळगता, आभाळाकडं बघून म्हणालो, “झालं तुझं समाधान?” तेही कन्नडमध्ये म्हणालो. तोंडाला आवरच राहिला नव्हता.

मागून कुणीतरी कन्नडमधूनच विचारलं, काय झालं रे बाबा? इरकल लुगड्यातली एक म्हातारी उभी होती. सीमेकडच्या कुठल्याशा खेड्यातून नातीला दवाखान्यात दाखवायला आली होती. नात शाळेच्या कपड्यात, गळ्यात ओळखपत्र, आणि डावा गाल सुजून लाडवाएवढा. मी सगळं सांगितलं. म्हातारीनं नातीकडं बघितलं, नातीनं मान डोलावली. म्हातारी म्हणाली, “नम्म हुडगी बरीताळ.” आमची पोरगी लिहिते म्हणाली.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. मी त्या पोरीकडं बघितलं. आठवीतली, मराठी शाळेतली होती हे एक बरं. पण अक्षर कसं, माहीत नाही. दाढ ठणकत होती, तोंड उघडत नव्हतं. मी मनात म्हणालो, महादेवा, हे पाठवलंस? तुझ्याकडं धड माल नव्हता का?

म्हातारीनं नातीच्या दाढेखाली एक लवंग ठेवली. मॅडमनी ओळखपत्र बघून फोनवर परवानगी घेतली, तोवर म्हातारी दारात थांबलेल्या गिरिजापाशी गेली, तिच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, “अंजब्याडव्वा. सावकाश हेळ.” म्हणजे भिऊ नकोस बाळ, सावकाश सांग. दिवाळीपासून या शब्दांना आमच्या घरात बंदी होती. गिरिजाचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडं बघितलं. ती म्हातारीला कन्नडमधून काहीतरी म्हणाली, म्हातारी हसली, सुजलेल्या गालाची पोरगीही अर्धी हसली, आणि दोघी पोरी हातात हात घालून आत गेल्या.

बाहेर लिंबाच्या सावलीत मी आणि म्हातारी. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या. मला कुठं शेंगा गोड लागायला! फेऱ्या मारत होतो. शेवटी ती वैतागून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “बस की रे. तू हिंडून पेपर सुटतोय व्हय लवकर?” मी बसलो आणि का कोण जाणे, तिला पाटीचं सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यातल्या फुलासकट. वाटलं, पोरीसाठी किती केलं बघा, असं तरी कुणीतरी म्हणेल.

तिनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, “मंग पोरगी रडती कुठल्या भाषेत?”

गिरिजाला चार महिन्यांत रडताना मी बघितलंच नव्हतं. ती रडत नाही म्हणजे अभ्यासात आहे, असं समजून मी तिच्यावर ओरडत बसलो होतो. लिंबाखाली बसल्या बसल्या देवाशी चाललेला माझा सौदा मोडला. काय मागायचं तेच कळेना. नुसतं ‘शिवा’ म्हटलं आणि गप्प बसलो. माझ्या आठवणीतली ती माझी पहिली मुकी प्रार्थना. ती करतानाही मध्येच हवालदाराकडं रागानं बघून घेतलं, ते सोडा.

बाकीची मुलं बाहेर पडली, घरी गेली, फाटक ओसाड झालं. जास्तीचा वेळही संपला तेव्हा दोघी आल्या. लवंगवालीचा गाल आणखी फुगला होता. गिरिजा दमली होती, पण मान वर होती. मी तोंडात आलेले सगळे प्रश्न गिळले. किती सुटले, निबंध कुठला, व्याकरण राहिलं का, सगळे. ती माझ्यापुढं उभी राहिली. शब्द आतून वर आला, ओठाशी थांबला.

“अप्पा... तिनं... सगळं ऐकलं.”

दाढेमुळं त्या पोरीला बोलताच येत नव्हतं. उत्तर सुचवणं, घाई करणं, ‘पुढं काय?’ असं विचारणं, काहीच जमत नव्हतं. पेन धरून बसायचं आणि गिरिजाचा शब्द येईपर्यंत वाट बघायची. एवढंच तिला करता येत होतं, आणि एवढंच हवं होतं. मी गावातली सगळ्यात हुशार पोरगी शोधली होती. महादेवानं तोंड मिटलेली पाठवली.

म्हातारीला आणि नातीला दवाखान्यात मीच नेलं. नातीची दाढ काढली, आणि पुढच्या सगळ्या पेपरांना ती नात येत राहिली. बरी झाल्यावर ती भलतीच बडबडी निघाली, पण पेपरात बसली की दाढ दुखत असल्यासारखी गप्प. त्याच दिवशी घरी आल्याबरोबर मी पाटी काढली. बायकोनं ती कढीपत्त्याच्या आळ्याला आडोसा म्हणून उभी केली आहे. आल्यागेल्याला ‘घरात फक्त मराठी’ दाखवते आणि कन्नडमध्ये हसते.

निकाल लागला. गिरिजा पास झाली. पहिला वर्ग नाही, गणित काठावर. माझ्या सौद्याप्रमाणं देवाचं काही लागत नव्हतं. तरी आम्ही गेलो, कारण निकाल देवाला आपण स्वतः सांगणार, असं गिरिजानं बजावलं होतं. श्रावणातला सोमवार, रांग दाराबाहेर. ती पिंडीपुढं उभी राहिली आणि एकेक विषय सांगू लागली. कन्नडमध्ये. मराठीचे गुण सांगितले, थांबली. हिंदीचे आठवले, थांबली. पुजारी घंटेकडं बघू लागला. मागं कुणीतरी पुटपुटलं, “आटपा की लवकर, लई झालं.”

जन्मभर मी या पोरीला हेच म्हणत आलो होतो. मी वळलो आणि दुकानातल्या त्याच आवाजात, गाभारा दणाणेल असा ओरडलो, “थांबा की वो! ती बोलतीय!”

रांग गप्प झाली. महादेव तर आधीपासूनच गप्प होता. एवढी वर्षं मी त्याच्या गप्प बसण्यावर चिडत होतो. तो ऐकत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी गिरिजाकडं वळलो आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणालो, “सावकाश हेळ.”

अजून गणित सांगायचं राहिलं होतं.