कार्मेनचं नाक

अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करते, की मी एका निरपराध बाईचं नाक फोडलेलं आहे.

आज नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नच्या आमच्या स्वयंपाकघरात ऑलिव्ह तेलात लसूण टाकली आणि त्या वासाने मनाने थेट स्पेनमधल्या सेव्हियाला पोचले. तेव्हा तिथे आम्ही नवे होतो. पुण्यात आयुष्यभर दोऱ्याने मिशी काढलेली मी पार्लरमध्ये निर्धास्त पहुडले. पार्लरवाल्या कार्मेनने ओठावर डावीकडे कढत वॅक्स थापलं आणि खस्सकन ओढलं. माझी मूठ आपोआप तिच्या नाकावर बसली. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. आज हे रंगवून सांगते, पण तेव्हा पोलीस येणार, व्हिसा जाणार, एवढंच डोळ्यांपुढे दिसत होतं.

कार्मेनने नाकात कापूस कोंबला, दंडाला धरून मला शेजारच्या बारमध्ये नेलं आणि लसणीतल्या कोळंबीची बशी पुढे सरकवली.

"खाऊन घे, बाई," ती म्हणाली, "उजवी बाजू अजून राहिलीय."